उकळलं की सगळं मरतं?



आमच्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. वर सातपुडा, उत्तरेच्या हद्दीला नर्मदा, मधून तापी. तेव्हा मी आज समुद्रातल्या विषावर लिहिणार म्हटल्यावर काही जण हसतील. हसा बापडे, पण शेवटपर्यंत वाचा.

निमित्त घरचंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नात्यातली दहा-बारा मंडळी कोकणात फिरून आली. व्हॉट्सॲपच्या गटावर ताटांचे फोटो पडले : तिसऱ्यांची एकशिपी, कालवं, सोलकढी. मी त्याखाली एवढंच लिहिलं की, "बाळांनो, शिंपल्यातलं काही खाताना ते कुठल्या खाडीतलं हे विचारत जा. समुद्रात कधीकधी विषारी शैवाल वाढतं आणि ते शिंपल्यांत साठतं." झालं! तासाभरात उत्तरांचा पाऊस. एक पुतण्या म्हणाला, "अप्पा, उकळलं की सगळं मरतं." भाची म्हणाली, "हजारो वर्षं लोक खातात, कुणी मेलं का?" एक मेहुणे म्हणाले, "कशाला गरीब कोळणींच्या पोटावर पाय आणता?" आणि आमचे एक जुने सहकारी, तेही त्या गटावर आहेत, त्यांनी अहिराणीत विचारलं, "मास्तर, समुद्रनं आपले काय करनं शे?"

चारही प्रश्न चांगले आहेत. मोबाईलवर दोन बोटांनी उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आधीच सांगून टाकतो, मी माळकरी आहे, मासा खात नाही. त्यामुळे "तुम्हाला काय कळतं चवीतलं" हा पाचवा प्रश्नही येणार हे धरून चालतो. चवीतलं कळत नाही हे खरं. पण या विषाला चवच नसते, हीच तर सगळी गोम आहे!

पहिला प्रश्न : उकळलं की सगळं मरतं?

जंतू मरतात. विष हे जंतू नव्हे.

हा फरक मी वर्गात वर्षानुवर्षं समजावला. दुधातला जंतू उकळून मरेल, पण दुधात कुणी धोतऱ्याचा रस टाकला असेल तर ते दूध तुम्ही दिवसभर आटवा, बासुंदी होईल आणि विषही तिच्यात तसंच राहील. शिंपल्यांचं तसंच आहे. समुद्रात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवालं असतात. त्यांच्या हजारो जातींपैकी थोड्याच जाती विष तयार करतात. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम, डायनोफायसिस अशी त्यांची नावं आहेत. पाठ करायची गरज नाही. तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे प्राणी जागचे हलत नाहीत. तासाला काही लिटर पाणी अंगातून गाळतात आणि त्यातलं शैवाल खाऊन जगतात. म्हणजे शिंपला हे एक गाळणं झालं. गाळण्यात काय साठणार? जे पाण्यात असेल तेच! विष असेल तर विष. आणि शिंपल्याचं त्याने बहुधा काही बिघडत नाही. तो ताजा, टवटवीत, जिवंत राहतो.

त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. आपल्या मज्जातंतूंमधून संदेश जायचा तर सोडियमचे कण पेशीत शिरावे लागतात. हे विष त्यांची दारंच बंद करून टाकतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासात, फार तर दोन तासांत ओठ, जीभ, बोटं यांना मुंग्या येतात. मग जीभ जड होते, चाल अडखळते, आणि विष जास्त गेलं असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो आणि त्याला श्वास घेता येत नाही! यावर उतारा नाही. यंत्राने श्वास चालू ठेवला तर विष शरीराबाहेर निघून जातं आणि माणूस सहसा वाचतो. नाही ठेवला तर जातो.

किती विष पुरे होतं? जगभर मानलेली मर्यादा अशी आहे की १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रंग नाही, वास नाही, चव नाही. साध्या शिजवण्याने, वाफवण्याने, तळण्याने हे विष जात नाही. कोकम घातलं, लिंबू पिळलं, तरी ते तसंच राहतं.

सूनबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं. त्या म्हणाल्या, "अप्पा, जी तिसरी शिजल्यावर उघडत नाही ती आम्ही टाकून देतो." अगदी बरोबर करतात. पण त्यातून ती आधीच मेलेली होती एवढंच कळतं. विषारी तिसरी छान उघडते. ताजेपणाची परीक्षा वेगळी आणि विषाची वेगळी. आपण पहिलीत पास झालेल्याला दुसरीचंही प्रमाणपत्र देऊन टाकतो.

दुसरा प्रश्न : हजारो वर्षं खातात, कुणी मेलं का?

मेले. आपल्याला माहीत नाही, कारण आपण मोजलं नाही आणि मोजलेलं वाचलं नाही.

१९८१ साली तमिळनाडूत वायलूर इथे शिंपले खाऊन ८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, ३ दगावले. एप्रिल १९८३ मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळेच्या खाडीतले शिंपले खाऊन लोक आजारी पडले आणि एक मुलगा गेला. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या करुणासागर आणि सहकाऱ्यांनी त्याचा शोध घेतला आणि १९८४ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात तो छापला. कुंबळे म्हणजे कासरगोडचा भाग. तिथे मराठी बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तेव्हा "तिकडे लांब कुठेतरी" म्हणून हात झटकू नका.

आणि मग सप्टेंबर १९९७. केरळात तिरुअनंतपुरमजवळ विळिंजम नावाचं मच्छीमारांचं गाव. तिथल्या खडकांवरचे शिंपले खाऊन ५०० हून अधिक माणसं रुग्णालयात आणि ७ मृत्यू. सात! आज विळिंजमचं नाव प्रचंड बंदरामुळे सगळ्यांना माहीत झालं आहे, मे २०२५ मध्ये त्याचं थाटात उद्घाटन झालं. पण या सात जणांची आठवण आपल्यापैकी कुणाला होती? मलाही कोणत्या पाठ्यपुस्तकाने ती सांगितली नाही.

माझी भाची म्हणेल की इतक्या वर्षांत दोन-तीन प्रसंग म्हणजे काहीच नाही, रस्त्यावर रोज त्याहून जास्त मरतात. मान्य आहे. लाखो लोक तिसऱ्या खातात आणि त्यांना काही होत नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा माझी काळजी फुकट जाईल. पण हे विष एकट्यादुकट्याला गाठत नाही. खाडी विषारी झाली की त्या दिवशी त्या खाडीतलं खाणारं सगळं गाव एकाच वेळी रुग्णालयाच्या दारात उभं राहतं. रोजच्या अपघातांना जी व्यवस्था पुरते ती अशा दिवसाला पुरत नाही. शिवाय दुसऱ्या जातीचं विष आहे, डायनोफायसिसचं. त्याने माणूस मरत नाही. पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात, तीन दिवसांत बरा होतो. असा माणूस डॉक्टरकडे गेला तर काय लिहिलं जाईल? "बाहेरचं खाणं." घरी काय म्हणतील? "पाणी बाधलं", "मसाला जड झाला." शिंपला तपासायला कुणी पाठवत नाही, म्हणून तो कधी दोषी ठरतच नाही. पंचच नसलेल्या सामन्यात एकही फाऊल झाला नाही, असं म्हणण्यासारखं आहे हे.

पूर्वजांचा दाखलाही जरा तपासून घ्यावा. कॅप्टन व्हँकुव्हरच्या नकाशे काढणाऱ्या तुकडीने १५ जून १७९३ रोजी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर न्याहारीला शिंपले भाजून खाल्ले. पाच जण आजारी पडले, जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी गेला. ते शिंपले काही कारखान्याच्या गटारातले नव्हते, निर्मळ पाण्यातले होते. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर मलबारात समुद्राचं पाणी रंग बदलतं आणि मासे मरून किनाऱ्याला लागतात, असं जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे विष नवीन नाही आणि "जुन्या काळी असं नव्हतं" हेही खरं नाही. खरं एवढंच की जुन्या काळी जो खाडीतून शिंपला काढायचा तोच तो खायचा. त्याला आपली खाडी ठाऊक होती. पाणी बिघडलं, मासे तरंगले, कावळ्यांनी तोंड लावलं नाही, की तो त्या दिवशी जात नसे. आज शिंपला बर्फात बसून शंभर मैल जातो, आणि तो खाणारा माझा पुतण्या नंदुरबारहून गाडीने गेलेला असतो. त्याला त्या खाडीचं नावही ठाऊक नसतं. पूर्वजांचं ज्ञान टाकून द्यायचं आणि त्यांचा भरवसा तेवढा ठेवायचा, याला काय म्हणावं?

इथे आणखी एक गैरसमज मोडून काढतो, तोही फोटोंतूनच आलेला. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूला, देवगडला रात्री निळ्या लाटा चमकल्याच्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या. काहींनी "दैवी चमत्कार" म्हटलं, काहींनी "विष, विष" अशी ओरड केली. दोन्ही चूक. ती चमक नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म जीवाची असते. तो वाढला तर माशांना त्रास होतो, पण शिंपल्यातलं हे लकव्याचं विष तो तयार करत नाही. उलट खरी विषारी शैवालं पाण्यात इतकी थोडी असू शकतात की पाणी स्वच्छ, निळंशार दिसावं. लिटरमध्ये काहीशे पेशी असल्या तरी शिंपला नासवायला पुरतात. तेव्हा डोळ्यांनी पाहून निर्णय होत नाही, तो प्रयोगशाळेतच होतो. आणि इथूनच माझं खरं भांडण सुरू होतं.

साहेबाचा शिंपला आणि आपला शिंपला

युरोपात शिंपले विकायचे असतील तर ते ज्या पाण्यातून काढले त्या पाण्याची आणि मांसाची तपासणी असावीच लागते, असा तिथला कायदा आहे. आपल्या देशातून जो माल परदेशी जातो त्यासाठी निर्यात तपासणीची यंत्रणा आहे. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण १९७२ पासून आहे. म्हणजे ही तपासणी आपल्याला येते. यंत्रं आहेत, माणसं शिकलेली आहेत, पद्धत ठरलेली आहे.

मग रत्नागिरीच्या, अलिबागच्या, मालवणच्या बाजारात पाटीत मांडलेल्या तिसऱ्यांसाठी काय आहे? अन्नसुरक्षेच्या नियमांत विषाच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत. कागदावर त्या बऱ्याच नेटक्या आहेत. पण "या आठवड्यात अमुक खाडी खुली, तमुक खाडी बंद" असं पत्रक मराठीत, एखाद्या वर्तमानपत्रात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, बंदरावर लावलेलं, आजवर माझ्या पाहण्यात नाही. कोकणातल्या वाचकांच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा, मी इथेच छापीन आणि आनंदाने छापीन.

हैदराबादला केंद्र सरकारची महासागर माहिती सेवा संस्था आहे, 'इन्कॉइस'. तिने २०२१ पासून शैवालवाढीची माहिती देणारी सेवा सुरू केली आहे. उपग्रहावरून पाणी पाहतात; ईशान्य अरबी समुद्र, केरळचा किनारा, मन्नारचं आखात आणि ओडिशातलं गोपाळपूर या जागांवर विशेष नजर असते. उत्तम काम आहे, कौतुकच करतो. पण उपग्रहाला शैवाल दिसतं, शिंपल्यातलं विष दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी चिखलात उतरून पिशवीभर तिसऱ्या आणून प्रयोगशाळेत द्याव्या लागतात. आकाशात आपण पोहोचलो, खाडीत उतरायचं राहिलं.

"हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत" असंही एक उत्तर असतं. ते तर अजिबात ऐकून घेऊ नका. फिलिपाईन्स काही श्रीमंत देश नाही. १९८३ मध्ये तिथे सामार बेटाजवळ हेच संकट आलं. आज त्यांचं मत्स्य खातं शिंपल्यांचं पत्रक नियमित काढतं, कोणत्या उपसागरातले खाऊ नयेत ते नावानिशी सांगतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ १९२७ मध्ये १०२ जण आजारी पडले, ६ मेले. तेव्हापासून अभ्यास सुरू झाला आणि कॅलिफोर्नियात दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर लोकांनी स्वतः समुद्रातले शिंपले काढून खायला बंदी असते. कॅनडात १९८७ च्या अखेरीस शंभरावर माणसं शिंपल्यांनी आजारी पडली, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली, ३ मेली. काही दिवसांत त्यांनी विष ओळखलं आणि किनाऱ्यावर तपासणी बसवली. प्रत्येक ठिकाणी आधी माणसं मेली आणि मग शहाणपण आलं. आपल्याकडे विळिंजमला सात गेली. त्यांच्या मरणाने आपण काय शिकलो, एवढंच मला विचारायचं आहे.

तिसरा प्रश्न : गरिबाच्या पोटावर पाय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचला, कारण तो खरा आहे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. होडी नाही, जाळं नाही, कोयती आणि टोपली हेच भांडवल. अर्धवट बातमी पसरली तर पहिला फटका त्यांनाच बसेल.

पण मेहुण्यांनो, तुम्ही आपलं नवापूर विसरलात काय?

१८ फेब्रुवारी २००६. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच जिल्ह्यात, नवापुरात सापडला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथून निदान आलं. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. माणसाला लागण झाल्याचं तेव्हा निष्पन्न झालं नाही, पण चिकनचे भाव देशभर कोसळले. ज्यांच्या शेडमध्ये एकही कोंबडी आजारी नव्हती तेही बुडाले. नवापूरचं नाव वाईट अर्थाने साऱ्या देशाला कळलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच. नवापूरच्या लोकांना कुणी बुडवलं? तपासणीने? नाही. रोग पसरेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता आणि पत्ता लागल्यावर "कुठलं चांगलं, कुठलं वाईट" हे सांगायची सोय नव्हती, म्हणून अफवेने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं.

शिंपल्यांचं उद्या हेच होणार. एका खाडीत विष निघेल, दोन माणसं दगावतील, वाहिन्यांवर लाल पट्ट्या धावतील, आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकही कोळीण चार महिने टोपलीभर तिसऱ्या विकू शकणार नाही. दर आठवड्याला तपासणी असेल तर सांगता येतं की ही एक खाडी पंधरा दिवस बंद, बाकीच्या खुल्या. पोटावर पाय तपासणी न केल्याने येतो. कोळणीच्या बाजूने बोलायचं असेल तर तपासणी मागा, आणि बंदीच्या दिवसांची भरपाईही मागा. पावसाळ्यात माशांची पैदास व्हावी म्हणून आपण सगळ्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद ठेवतो, आणि लोक ती पाळतात. माशांच्या पिल्लांसाठी समुद्र बंद होतो, तर माणसांच्या पिल्लांसाठी एक खाडी पंधरा दिवस बंद ठेवायला काय हरकत आहे?

आता माझ्या माळकरी मित्रांकडे वळतो. त्यांचा सूर असतो, "खाऊच नये, म्हणजे प्रश्न मिटला." हाही पळपुटेपणा आहे. ज्याच्या दारात खाडी आहे आणि खिशात पैसे नाहीत त्याच्या मुलांना प्रथिनं त्या टोपलीतूनच मिळतात. आपल्या गळ्यात माळ आहे म्हणून दुसऱ्याच्या ताटातल्या विषाची चिंता सोडून द्यायला विठोबाने सांगितलेलं नाही.

चौथा प्रश्न : समुद्रनं आपले काय करनं शे?

मास्तर, तुमच्या शेताच्या बांधावरून सुरुवात करू. शहाद्याच्या उसाला, केळीला, कपाशीला आपण युरियाच्या गोण्या ओततो. पिकाला लागतं तेवढं पीक घेतं, उरलेलं पावसाबरोबर नाल्यात, नाल्यातून तापीत. सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाईचं धरण, सुरत आणि समुद्र. प्रकाशाला आपण दक्षिण काशी म्हणतो. तिथे सोडलेला दिवा जसा पुढे जातो तसं आपलं खतही पुढे जातं. नत्र आणि स्फुरद हे जसं उसाचं खाद्य तसंच शैवालाचंही. नदीकाठची सगळी गावं, सगळी शहरं, सगळे कारखाने मिळून समुद्राला खत घालत असतात. एकट्या शहाद्याचा हा दोष नाही, पण शहाद्याचा वाटा त्यात आहे.

आणि समुद्र तरी कशाला? १९७२ साली उकाई बांधलं, त्याचं फुगलेलं पाणी नवापूर तालुक्यापर्यंत येतं. तिकडे नर्मदेच्या काठी अक्राणी, अक्कलकुव्यात सरदार सरोवराचं पाणी आहे. विस्थापित झालेली आदिवासी कुटुंबं आज त्या पाण्यात मासे धरून जगतात. साचलेल्या गोड्या पाण्यात उन्हाळ्यात जो हिरवा तवंग येतो त्यातलं निळं-हिरवं शैवालही काही वेळा विष तयार करतं. त्यातल्या काही जाती तर तेच सॅक्सिटॉक्सिन तयार करतात! १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदी १००० किलोमीटर हिरवी झाली होती, गुरं मेली. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू गावात डायलिसिसच्या रुग्णांना अशाच तलावाचं, नीट शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं आणि ५० च्या वर रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. तिथे तर समुद्राचा काही संबंध नव्हता. आपल्या किती गावांच्या पाणीयोजना तलावावर आणि धरणावर आहेत ते मोजा, मग मला सांगा की मास्तरला याचं काय करायचं आहे.

मग करायचं काय?

सरकारकडे माझं मागणं फार मोठं नाही. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. नव्या इमारती नकोत. किनाऱ्यावरच्या मोठ्या वीस-पंचवीस खाड्या ठरवा, दर आठवड्याला शिंपल्यांचे नमुने घ्या, निकाल मराठीत, मोठ्या अक्षरांत बंदरावर आणि ग्रामपंचायतीत लावा. तपासणीचे पैसे कोळणींकडून घेऊ नका. खाडी बंद ठेवाल तेवढ्या दिवसांची मजुरी द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना सांगा की शिंपले खाऊन ओठांना मुंग्या आल्या असं कुणी म्हणालं तर त्याला गोळ्या देऊन घरी पाठवू नका. आणि भूगोलाच्या पुस्तकात आम्ही ७२० किलोमीटरचा किनारा घोकून घेत होतो, तिथे या विषावर एक परिच्छेद घाला. किनाऱ्याची लांबी पाठ करून कुणाचा जीव वाचत नाही.

आणि तुम्हा घरच्यांना : कोकणात जा, पोटभर जेवा, आजोबांच्या नावाने घास कडू करू नका. पण पाण्याचा रंग विचित्र दिसला, किनाऱ्यावर मासे मरून पडलेले दिसले, तर त्या आठवड्यात शिंपले खाऊ नका. स्वतः हौसेने खडकावरून काढून तर मुळीच खाऊ नका. गावातल्या माणसाला आधी विचारा. खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटं यांत मुंग्या आल्या तर "बघू सकाळी" म्हणायचं नाही. जिथे श्वासाचं यंत्र आहे अशा रुग्णालयात लगेच जायचं, काय खाल्लं आणि किती वाजता ते सांगायचं, आणि उरलेली आमटी फेकून न देता डब्यात बरोबर न्यायची. त्या डब्यामुळे बाकीचं गाव वाचू शकतं.

पुतण्याने गटावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं आहे. त्याचा अर्थ "पटलं" की "पुरे करा अप्पा", ते त्यालाच ठाऊक. मला चित्र नको, उत्तर हवं. कोकणातल्या, गोव्यातल्या ब्लॉगर मंडळींनी आपापल्या बंदरावर शिंपल्यांच्या तपासणीची काही सोय आहे का ते विचारून इथे जरूर लिहावं. दहा ठिकाणची उत्तरं जमली तर ती एकत्र करून मी मत्स्यव्यवसाय खात्याला रीतसर पत्र पाठवणार आहे, पोस्टाने, पोचपावतीसह.